उतरलं ते वजन, पण चरबी किती?

"ताई, मी ४१ वर्षांची. राहते डोंबिवलीला, नोकरी सीएसएमटीच्या बाजूला. उंची १५५ सेंटिमीटर. दिवाळी झाल्यावर काट्यावर उभी राहिले तर ७८ किलो! त्या दिवसापासून जिद्दीने लागले आणि दोन महिन्यांत ६९ वर आले. सकाळी लिंबू-मध-पाणी आणि चहा, दुपारी एक पोळी आणि भाजी, संध्याकाळी गाडीत एक सफरचंद, रात्री नुसतं वरण किंवा दुधीचं सूप. भात पूर्ण बंद. संकष्टीला मात्र साबुदाण्याची खिचडी, एवढंच. पहाटे सव्वाचारला उठून दीड तास चालते, मग डबे. झोपायला रोज सव्वाअकरा होतात.

पण गेले तीन आठवडे काटा ६९ वरून हलत नाही. केस मूठ-मूठ गळतायत, स्टेशनचा जिना चढताना पाय भरून येतात. गेले चार रविवार दुपारी मी फ्रिजपाशी उभी राहून मिळेल ते खाते आणि मग रडते. मुलाच्या वाढदिवसाला मसालेभात केला, सगळ्यांना वाढला आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून राहिले. सासूबाई म्हणतात, 'अशी उपाशी राहून आजारी पडशील.' ऑफिसातली एक मैत्रीण कुठलीशी पावडर घे म्हणते, दुसरी म्हणते जिम लाव. मला जिमची भीती वाटते. गुडघे दुखतात, शिवाय वजनं उचलून पुरुषी दिसायला लागले तर? अंडी-मासे सोमवार-गुरुवार सोडून चालतात. आता खाणं आणखी कमी करू की चालणं वाढवू?"

— एक वाचक, डोंबिवली

दोन्ही करू नका. खाणं वाढवा, पहाटेचं चालणं कमी करा आणि झोप निदान तासाभराने वाढवा. नऊ किलो उतरवलेल्या बाईला हे सांगितलं की ती आधी माझ्याकडे संशयानेच बघते. तुमचाही विश्वास लगेच बसणार नाही, हे धरून चालते. पण काट्यावरच्या ६९ पेक्षा तुमचे केस, भरून येणारे पाय आणि रविवारची ती दुपार मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि या तिन्हींचं मूळ एकच दिसतंय.

त्याआधी एक काम. या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि क्रिएटिनिन एवढं तपासून घ्यायला त्यांना विचारा. वजन झपाट्याने उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. खाणं रुळावर आलं की ते बहुतेक वेळा परत येतातही. पण लोह कमी असेल किंवा थायरॉईड मंदावलं असेल तरी केस असेच गळतात आणि पाय असेच भरून येतात, त्यामुळे अंदाजावर राहू नका. गुडघेही त्याच भेटीत दाखवा. क्रिएटिनिन अशासाठी की मी पुढे प्रथिनं वाढवायला सांगणार आहे, आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर ते प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं. आणखी एक: वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर पोटात उजवीकडे वरच्या बाजूला कळ येत असेल तर तेही लपवू नका.

आता त्या नऊ किलोंकडे वळू. काटा फक्त बेरीज दाखवतो. तुमच्या नऊ किलोंत पाणी होतं, चरबी होती आणि स्नायूही होते. पहिल्या आठ-दहा दिवसांत जे भराभर उतरलं त्यातलं बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, तो आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तोडलं की साठा संपतो आणि पाणीही जातं. त्यानंतर चरबी जाते हे खरं, पण तिच्याबरोबर स्नायूही जातात. साधारणपणे उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऐवजाचा असतो. ज्यांच्या ताटात प्रथिनं कमी आणि व्यायामात नुसतं चालणं, त्यांचा हा हिस्सा वाढतो.

तुमच्या ताटाचा हिशेब मी मांडला. एक पोळी, भाजी, वाटीभर पातळ वरण, चहातलं दूध. यातून दिवसाला जेमतेम वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला ५७ च्या आसपास, आणि तेही वजन उतरवायचं नसताना. शरीराला रोजच्या दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतातच. ताटातून आली नाहीत तर ती मांडीतून आणि दंडातून काढली जातात. जिना चढताना तुमचे पाय भरून येतात त्यामागे हे असण्याची दाट शक्यता आहे.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचं एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघं शेजारी उभे. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाच्या हिशेबात दोघे सारखे, आतून इतके वेगळे. आपण भारतीय बारीक दिसलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, असे असतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला स्थूलपणा धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायला सांगतात. ज्यांच्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यांनी ती अशी उधळावी का? माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींनी तीन-चार वेळा वजन उतरवलेलं असतं आणि दर वेळी ते परत आलेलं असतं. परत येताना ते मुख्यतः चरबी होऊन येतं. गेलेला स्नायू कष्टाशिवाय परत येत नाही.

रविवारच्या दुपारीबद्दल तुम्ही लिहिलंत, ते लिहायला धीर लागतो. तुमचा निर्धार कमी पडतोय असं तुम्हाला वाटतंय, ते मनातून काढून टाका. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून एक अभ्यास झाला होता. महायुद्धातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शिकण्यासाठी ते स्वतःहून पुढे आले होते. काही आठवड्यांतच त्यांना खाण्याशिवाय दुसरं सुचेनासं झालं. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण संपू नये म्हणून घास-घास रेंगाळत खाऊ लागले, चिडचिडे आणि उदास झाले. काहींनी चोरून खाल्लं आणि मग त्यांना अपराधी वाटलं. त्यांना मिळत होतं त्यांच्या गरजेच्या निम्मं. तुमच्या शरीराचा दिवसाचा खर्च, वय-उंची-वजन आणि बैठी नोकरी धरून, अठराशे कॅलरींच्या आसपास येतो, आणि तुम्ही खाताय सातशे-आठशे. म्हणजे निम्म्याहून कमी. दोन महिने. वर पहाटेचं दीड तास चालणं आणि पाच तासांची झोप. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि गोड-तळलेल्याची जास्तच. रविवारी सुट्टी असते, घरात खायला असतं, आणि शरीर आठवड्याचं थकलेलं येणं मागतं. तसं खाऊन झाल्यावर सोमवारी कडक उपास करून भरपाई करू नका. सोमवारी नेहमीसारखा नाश्ता, नेहमीसारखा डबा. पोटभर खायला लागल्यावर महिन्याभरातही ती दुपार येत राहिली, तर समुपदेशकाला भेटा. त्यात कमीपणा काही नाही, असं खाणं हा उपचार होण्याजोगा त्रास आहे.

काटा अडकला त्याची कारणंही यातच आहेत. नऊ किलो कमी झालेलं शरीर मुळात कमी इंधनावर चालतं. अर्धपोटी असेल तर ते आणखी काटकसर करतं. तुमच्या नकळत तुम्ही ऑफिसात खुर्चीवरून कमी उठता, घरी लवकर टेकता, हात-पाय कमी हलतात. ताणाखाली शरीर पाणीही धरून ठेवतं. आणि सहा दिवसांची बरीचशी तूट रविवारी भरून निघते.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. तुम्ही दिवसाला चौदाशे-साडेचौदाशे खाल्ल्या तर तूट साडेतीनशे-चारशेची राहील. महिन्याला दीड किलो. तुम्हाला हा वेग मुंगीचा वाटेल. पण तुमच्या मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त तुम्ही आधीच उतरवलंय, आणि पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे या सगळ्यांना फरक पडतो. घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. एक इशारा मात्र देऊन ठेवते: खाणं वाढवल्यावर पहिल्या दहा दिवसांत काटा किलो-सव्वा किलोने वर जाईल. ते साखरेच्या साठ्याबरोबर परत आलेलं पाणी असेल. त्या आठवड्यात घाबरून पुन्हा लिंबूपाण्यावर जाऊ नका, एवढं वचन मला द्या.

रोज सत्तर ग्रॅम प्रथिनं हे तुमचं लक्ष्य ठेवू. तुमच्या गाडीच्या वेळा आणि घरचा स्वयंपाक सांभाळून ते कसं जमेल, ते बघू. तुमच्यासाठी वेगळं शिजवायचं नाही, ही माझी अट. वेगळा स्वयंपाक दोन महिन्यांच्या वर कुणाच्याच्याने होत नाही.

सकाळी निघण्याआधी मुगाची दोन धिरडी. रात्री पन्नास ग्रॅम, म्हणजे लहान वाटी भरून, मुगाची डाळ भिजत घाला, सकाळी आलं-मिरची घालून वाटा, तव्यावर चमचाभर तेलात. बरोबर कपभर दूध. झाले सोळा-सतरा ग्रॅम. अंडी चालणाऱ्या दिवशी दोन अंडी आणि एक पोळी. पोहे-उपमा करूच नका असं म्हणत नाही, पण त्यात प्रथिनं अगदी थोडी. पोहे केले तर त्यात मूठभर मोड आलेले मूग टाका आणि वर एक उकडलेलं अंडं घ्या.

डब्यात दोन पोळ्या. एक नाही, दोन. भाजी हवीच, पण तिच्या जोडीला मटकीची, मुगाची, चवळीची किंवा वालाची उसळ वाटीभर, घट्ट. रस्सा वाटीत आणि कडधान्य पातेल्यात असं नको. काकडी-गाजराची कोशिंबीर आणि दही. हे सगळं मिळून अठरा ग्रॅमच्या आसपास. परतीच्या गाडीत सफरचंद ठेवा, पण त्याच्याबरोबर मूठभर फुटाणे खा. सालासकटचे. संध्याकाळी साडेसहा ते घरी पोहोचेपर्यंतची भूक हीच रात्री फ्रिजपाशी नेते, आणि नुसत्या फळाने ती भागत नाही.

रात्री एक भाकरी, ज्वारीची किंवा नाचणीची, भाजी आणि माशाचं कालवण. बांगड्याचे शंभर ग्रॅम, म्हणजे दोन बऱ्यापैकी तुकडे, घेतले की एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं एकट्या माशातून येतात. कालवण असू द्या, रवा लावून तळलेला महिन्यातून कधीतरी. सोमवार-गुरुवारी कुळथाचं पिठलं, किंवा घट्ट वरणाबरोबर पन्नास ग्रॅम पनीर. वरणाबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. आपण 'रोज डाळ खातो' म्हणतो, पण घरी चार माणसांना मिळून मूठ-दीड मूठ तूरडाळ शिजते आणि पाणी घालून ती सगळ्यांना पुरवली जाते. माणशी चार-पाच ग्रॅम प्रथिनं, फार तर. डाळ दुप्पट घाला, पाणी तेवढंच ठेवा. सासूबाईंना आणि मुलालाही त्याचा फायदाच होईल.

पोळी की भाकरी की भात, हा प्रश्न मला रोज येतो. तिन्हींत पीठ किंवा तांदूळ किती ग्रॅम, यावरच कॅलरी ठरतात. भाकरीत तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, म्हणून ती मला आवडते. पण एक मोठी भाकरी दोन पोळ्यांएवढी असते, हे ध्यानात ठेवा. भात बंद करण्याचं कारण नाही. शिजलेला वाटीभर भात एका भाकरीच्या किंवा दोन पोळ्यांच्या जागी घ्या.

खरी गळती मराठी स्वयंपाकघरात दोन ठिकाणी असते, तेल आणि दाण्याचं कूट. लहान चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी. फोडणीच्या पळीत असे तीन-चार चमचे सहज बसतात. घडीच्या पोळीत तेल, वरून तूप, भाजीला फोडणी, कोशिंबिरीवर पुन्हा फोडणी, आणि जेवताना यातलं काहीच 'तेलकट' वाटत नाही. माणशी दिवसाला चार लहान चमचे धरले तर महिन्याला सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर होतं. तेलाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा आणि ती किती दिवसांत संपते ते बघा. हा हिशेब केलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात मी आश्चर्य पाहिलंय. शेंगदाणे चांगलेच, त्यात प्रथिनंही आहेत, पण मूठभर, तीस ग्रॅम दाण्यांच्या १७० कॅलरी होतात. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, असं करताना तो डाव भरून न घालता मोजून घाला.

संकष्टीचं सांगते. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, तो ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, त्यात प्रथिनं नाहीतच म्हणा ना. वर बटाटा, कूट आणि तूप. ताटलीभर खिचडीत साडेचारशे-पाचशे कॅलरी जातात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, बरोबर वाटीभर दही. संध्याकाळी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. रात्री चंद्रोदयानंतर व्यवस्थित जेवण.

आता व्यायाम. तुमच्या मैत्रिणीचं जिमबद्दलचं म्हणणं चूक नाही, फक्त त्यासाठी पैसे भरून कुठे जायची गरज नाही. खाण्यातली तूट चरबी जाळते. ती जळताना स्नायू शाबूत राहायचे असतील तर स्नायूंना दर थोड्या दिवसांनी 'तू लागतोयस' असा निरोप जायला हवा. तो निरोप जोर लावूनच जातो, चालण्याने पुरेसा जात नाही. तुमच्या वजनाच्या माणसाने तासभर झपझप चाललं तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, त्यातल्या सत्तर तर नुसतं बसूनही गेल्या असत्या. एक वडापाव खाल्ला की ते भरून निघतं. चालण्याचे फायदे पुष्कळ आहेत, हृदयाला, साखरेला, मनाला, आणि ते तुम्ही सोडायचं नाहीये. पण खाण्याची चूक चालून फेडता येत नाही, तसंच चालून दंड-मांड्या राखताही येत नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. भक्कम, न सरकणारी खुर्ची घ्या आणि हात छातीशी धरून तिच्यावर बसा-उठा, दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे कमी वाकावं लागेल, आणि उठताना भार टाचांवर द्या. मग भिंतीला हात टेकून दंड काढा. काही आठवड्यांनी भिंतीऐवजी ओट्याची कड, त्यानंतर पलंगाची. मग पाठीवर झोपून, पाय दुमडून, कंबर वर उचला आणि तीन आकडे मोजेपर्यंत धरा. मग कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून, कमरेतून थोडं पुढे वाकून, कोपर मागे नेत ती पिशवी पोटाकडे ओढा, एकेका हाताने. शेवटी ओट्याला धरून टाचा उचला. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, पुढे तीन. बारा वेळा सहज होऊ लागलं की वजन वाढवा: दोनाचे तीन किलो, तिनाचे पाच. हे वाढवत नेणं महत्त्वाचं. तीच दोन किलोची पिशवी वर्षभर उचलत राहिलात तर शरीराला बदलायचं कारणच उरत नाही. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकतील, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर तो प्रकार तिथेच थांबवा. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे मी अनेक जणींच्या बाबतीत पाहिलंय. सूर्यनमस्कार येत असतील तर जरूर घाला, पण त्यांत ओढण्याचा व्यायाम होत नाही, म्हणून पिशवी सोडू नका.

पुरुषी दिसण्याची भीती मनातून जाऊ द्या. तसे स्नायू वाढायला पुरुषी संप्रेरक लागतं आणि ते बाईच्या शरीरात पुरुषाच्या मानाने फारच थोडं असतं. उलट चाळिशीनंतर पाळी जायच्या दिशेने शरीर वळू लागतं तेव्हा स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरला तर काय मोडेल आणि काय वाचेल, ते या वयात उचललेल्या पिशव्यांवर बरंच अवलंबून असतं.

पहाटे सव्वाचारचा गजर बंद करा. पाच-सव्वापाचला उठा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीच्या व्यायामाची. तुमचं सीएसएमटीहून ऑफिसला जाणं-येणं आणि डोंबिवलीला उतरल्यावर शेअर रिक्षा न घेता घरी चालत जाणं यातच रोजची तीस-चाळीस मिनिटं निघतील. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. पंचवीस मिनिटांचा व्यायाम मंगळवार, गुरुवारी सकाळी आणि रविवारी जमेल तेव्हा. रात्री अकराच्या आत आडव्या व्हा. त्यासाठी रात्रीची भांडी किंवा सकाळच्या भाज्यांची चिराचिरी नवऱ्याने आणि मुलाने वाटून घ्यायला हवी. घरात हे सरळ शब्दांत मागा. तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांचे डबे आहेत, पण ते करायला मदत करणारं कुणी दिसत नाही.

पावडर नको. त्या डब्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, मैत्रिणीलाही नाही. वजन उतरवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या भुकट्या-गोळ्यांत न सांगता औषधं मिसळलेली सापडली आहेत. त्यांतलं एक, सिब्युट्रामिन, हृदयाला धोका असल्यामुळे भारतात २०११ साली बंद करण्यात आलं. ज्यांना खरोखर औषधाची गरज असते त्यांच्यासाठी आज डॉक्टरांकडे उपाय आहेत, ऑफिसच्या टेबलाखालून मिळणारा डबा त्यांत बसत नाही. घाम काढायचे पट्टे, पोटच कमी करणारे व्यायाम हेही तसंच. पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी वेगळी जात नाही, ती कुठून आधी जायची हे शरीर ठरवतं.

काटा आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, चहाच्या आधी. मीठ, पाळीच्या आधीचे दिवस, जागरण यांनी तो एक-दोन किलो सहज इकडे-तिकडे होतो, म्हणून एका आकड्यावर मन ठेवू नका, महिन्याभराचे चार आकडे एकत्र बघा. शिंप्याची टेप आणून पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आणि वहीत तिसरा रकाना करा: खुर्चीवरून किती वेळा उठलात, पिशवी किती किलोची. काटा थांबलेला, कंबर दोन सेंटिमीटरने कमी आणि पिशवी चार किलोची, असं दिसलं तर चरबी उतरतेय आणि स्नायू टिकतोय. तीन महिन्यांनी ती वही आणि रक्ताचे आकडे मला कळवा, मग पुढचं ठरवू.

या रविवारी दुपारपर्यंत उपाशी राहू नका. सकाळी धिरडी खा. मग मसालेभात करा, वाढदिवसाला केला होता तसाच, तेल मोजून, मटार जरा जास्त घालून. बरोबर काकडीची कोशिंबीर आणि घट्ट दही. सासूबाईंना सांगा, आज तुम्ही वाढा. आणि सगळ्यांबरोबर पानावर बसा, आपल्या ताटात वाटीभर भात घेऊन.